बडोद्यातून जर्मनीत: पहिले शंभर दिवस

ऑगस्ट उजाडला की दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी एखादे कुटुंब येते. सोबत जर्मनीला निघालेला मुलगा किंवा मुलगी असते, आईच्या हातात प्रश्नांची यादी असते आणि वडील बहुधा फक्त पैशांचे विचारतात. मी जर्मनीत सहा वर्षे काढली, दोन शिकण्यात आणि चार नोकरीत, आणि आता बडोद्याला परत आले आहे. त्यामुळे ही चौकशी साहजिकच माझ्याकडे वळते. तीच उत्तरे दर वर्षी नव्याने देण्यापेक्षा एकदा क्रमाने लिहून काढावीत, म्हणून हा लेख. विद्यापीठ कसे निवडावे किंवा शिष्यवृत्ती कशी मिळवावी, हे यात नाही. प्रवेश पक्का झाला आहे, व्हिसा हाती आला आहे किंवा येण्याच्या बेतात आहे, अशा माणसाने पुढच्या शंभर दिवसांत कोणते काम केव्हा करावे आणि तिथल्या कोणत्या चालीरीतींपुढे गोंधळून जाऊ नये, एवढाच विषय आहे.

बडोद्याहून परदेशी शिकायला जाणे नवे नाही. सयाजीराव महाराजांच्या संस्थानाने १९१३ मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. उलट दिशेने आलेल्या माणसाची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. क्रुम्बिगेल नावाचे जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून बडोदा संस्थानच्या बागांच्या कामावर आले आणि १९०८ मध्ये बंगळूरच्या लालबागेत गेले. मधली पंधरा वर्षे त्यांनी इथला उन्हाळा, इथल्या दोन भाषा आणि दरबारी रीतिरिवाज कसे अंगवळणी पाडून घेतले असतील, याचा विचार मी तिथे असताना पुष्कळदा केला. त्यांना सगळे माणसांना विचारून कळले असणार. तुमचे उलटे होणार आहे: आपल्याकडे नियम तोंडी असतात आणि ते सांगायला दहा माणसे पुढे येतात, तिथे नियम छापलेले असतात आणि ते कोणीही सांगत नाही. तुम्ही ते वाचलेले आहेत, असे सगळे धरून चालतात. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ एवढ्यातच आहे.

निघण्यापूर्वी: नाव, पैसे आणि बॅग

सर्वांत आधी स्वतःचे नाव तपासा. आपल्या गुणपत्रिकांवर पुष्कळदा आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. पासपोर्टात स्वतःचे आणि वडिलांचे नाव एका रकान्यात जाते आणि आडनाव दुसऱ्यात. बँकेत तिसराच क्रम असतो. बडोद्यात यामुळे काही अडत नाही, कारण खिडकीपलीकडचा कारकून स्वतःच अशा नावाचा धनी असतो. जर्मन कार्यालयात मात्र ही तीन निराळी माणसे ठरू शकतात. म्हणून विमा, बँक, घरभाड्याचा करार, सगळीकडे पासपोर्टात आहे तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने नाव द्यावे आणि वडिलांचे नाव गाळण्याचा मोह आवरावा.

मूळ गुणपत्रिका, पदवीचे प्रमाणपत्र, भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून लागणारे एपीएसचे, म्हणजे आपल्या शैक्षणिक कागदपत्रांची शहानिशा करणाऱ्या जर्मन कार्यालयाचे, प्रमाणपत्र, प्रवेशपत्र, विम्याचा कागद आणि ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे तिथल्या राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवण्याच्या खात्याची, पावती, हे सगळे एका फाइलमध्ये आणि ती फाइल हातातल्या बॅगेत ठेवावी. विमानतळावरचा अधिकारी यातले काहीही मागू शकतो, आणि तेव्हा तुमची मोठी बॅग पट्ट्यावर फिरत असते.

ब्लॉक्ड अकाउंटबद्दल एक गैरसमज मी दर वर्षी दूर करते. विद्यार्थ्यांसाठी सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. ती तुमचीच असते, पण उतरल्यावर लगेच हाती येत नाही; तिथे नेहमीचे बँक खाते उघडून ते जोडल्यावर दरमहाचा हप्ता सुरू होतो. घराची अनामत रक्कम आणि पहिले भाडे मात्र त्याआधीच द्यावे लागते. त्यामुळे निदान दोन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळी, कार्डावर आणि थोडी रोख, बरोबर असावी.

आता बॅग. गेल्या वर्षी रावपुऱ्यातल्या एका बाईंनी मुलाची भरलेली बॅग आमच्या दिवाणखान्यात आणून उघडली. वरच्या थरात दोन किलो तुपाचा स्टीलचा डबा होता. झाकणाभोवती कापड बांधून त्यावर मेणबत्तीचे मेण ओतले होते, आणि ते इतक्या नीट गोठले होते की डब्याला पांढरी किनार असावी असे वाटत होते. शेजारी पेढ्यांचे दोन पुडे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला मनाई आहे, हे मी सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, पण हे घरचं लोणकढं आहे!” घरचे असणे हा आपल्याकडे सर्वांत मोठा पुरावा असला, तरी सीमाशुल्क खात्यापुढे तो चालत नाही, सापडले तर जप्त होते. तिथल्या कोणत्याही दुकानात बिनमिठाचे लोणी मिळते आणि ते मंद आचेवर कढवले की अर्ध्या तासात उत्तम तूप होते, एवढे त्या मुलाला शिकवून आम्ही डबा परत पाठवला. ताजी फळे, भाज्या आणि कढीपत्त्यासारखी ओली पाने यांनाही वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा कढीपत्ता वाळवूनच न्यावा. गोडा मसाला, मेतकूट, पापड, भाकरवडी, लीलो चेवडो हे खुशाल न्यावे. लोणचे चालते, मात्र ते गळले तर दोष नियमांचा नसतो.

लहान कुकर अवश्य न्यावा, पण तो इंडक्शनवर चालणारा असावा. आपले दोन गोल पिनांचे चार्जर तिथे बसतात, तीन पिनांचे बसत नाहीत. रोजची औषधे असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ रासायनिक नावासह इंग्रजीत लिहून घ्यावी.

उतरल्यानंतरचे पहिले दोन दिवस

तिकीट काढतानाच वार बघावा. शनिवारी रात्री पोचणे टाळावे, कारण रविवारी दुकाने बंद असतात आणि बंद म्हणजे खरोखरच बंद. शटर अर्धे वर करून ओळखीच्या गिऱ्हाइकाला साखर देणारा कोणी नसतो. पोचायचेच झाले, तर मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकाने आणि सकाळी काही तास बेकऱ्या उघड्या असतात, एवढे लक्षात ठेवावे.

गाडीचे तिकीट हा पहिला सापळा. फलाटावर जायला फाटक नाही, कोणी अडवत नाही, आणि त्यामुळे तपासणी नसते असे वाटू लागते. तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि तिकीट नसल्यास ६० युरो घेतात. पुष्कळ शहरांत यंत्रातून काढलेल्या कागदी तिकिटावर वेळेचा शिक्का स्वतः मारून घ्यावा लागतो. फलाटावर किंवा डब्यात एक छोटी पेटी असते, तिच्यात तिकीट सरकवायचे. शिक्का नसलेले तिकीट हे तिकीट नसल्यासारखेच धरले जाते, आणि “मी आजच आले आहे” हे कारण तपासनिसाने दिवसातून दहादा ऐकलेले असते.

पहिले चौदा दिवस: नोंदणी आणि पत्रपेटी

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या नागरिक कार्यालयात, म्हणजे ब्यूर्गरआम्टमध्ये, पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि हाच शब्द पहिल्या महिन्यात तुमच्या कानावर सर्वांत जास्त पडेल. नोंदणीच्या कागदावाचून करक्रमांक मिळत नाही, पुष्कळ बँका खाते उघडत नाहीत आणि परकीय नागरिक कार्यालयात निवास परवान्याचे काम पुढे सरकत नाही. तिथे जाताना पासपोर्ट आणि भरलेला अर्ज यांखेरीज घरमालकाने सही केलेला, तुम्ही खरोखर तिथे राहता असे सांगणारा कागद लागतो. त्याचे नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग असे लांबलचक आहे. पाठ करू नका, मोबाइलमध्ये लिहून ठेवा. भाडेकरार असला तरी हा कागद वेगळा लागतो, आणि तो द्यायला का-कू करणाऱ्या मालकाकडे घर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या शहरांत भेटीची वेळ, म्हणजे टेर्मीन, आठवडेच्या आठवडे मिळत नाही. त्यामुळे पत्ता पक्का होताच, बडोद्यात बसूनच, ती ऑनलाइन घ्यावी.

अर्जात धर्माचा एक रकाना असतो. आपल्याकडच्या सवयीने माणूस तो प्रामाणिकपणे भरायला घेतो, पण त्या रकान्याचा संबंध चर्चच्या कराशी आहे: करवसुली करणाऱ्या पंथाचे सदस्य असलेल्यांकडून प्राप्तिकराच्या ८ किंवा ९ टक्के रक्कम वेगळी कापली जाते. हिंदूंना तो लागू नाही; रकाना रिकामा ठेवला तरी कोणी हरकत घेत नाही.

नोंदणी झाली की दोन-चार आठवड्यांत अकरा अंकी करक्रमांक टपालाने येतो. तो टपालानेच येतो, आणि इथे माझी फजिती झाली. मी पहिल्या घरी राहायला गेले तेव्हा खाली ओळीने बारा पत्रपेट्या होत्या आणि प्रत्येकीवर आडनावाची पट्टी होती. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचे नाव तसेच होते. घर क्रमांक बरोबर आहे, मजला बरोबर आहे, मग पत्र येईलच, असे मी गृहीत धरले. बडोद्यात आमचा पोस्टमन पत्त्यात नुसते ‘सूरसागरजवळ’ लिहिले तरी पत्र आणून देत असे. तिथल्या पत्त्यात फ्लॅटचा क्रमांक बहुधा नसतोच. टपालवाला पेटीवरचे आडनाव वाचतो आणि नाव दिसले नाही तर पत्र परत पाठवतो. करक्रमांक, बँकेचे कार्ड आणि कार्डाचा पिन, तिन्ही परत गेले. कार्ड आणि पिन वेगवेगळ्या दिवशी निघालेल्या दोन पाकिटांतून येतात, त्यामुळे फजितीही दोनदा झाली. पाच आठवड्यांनी शेजारच्या आजोबांनी वहीचा एक तुकडा कापून त्यावर माझे आडनाव मोठ्या अक्षरांत लिहिले आणि चिकटपट्टीने पेटीवर लावले. दुसऱ्याच आठवड्यात पहिले पत्र आले. तेव्हा किल्ली हातात पडली की बॅग उघडण्याआधी पत्रपेटीवर आणि दाराच्या घंटीवर आपले आडनाव लावा. खोली दुसऱ्याच्या घरात असेल तर त्याच्या नावाखाली आपलेही लावा.

येणारे प्रत्येक पत्र उघडा आणि तारीख घालून फाइलला लावा. त्यांपैकी एक आकाशवाणी-दूरदर्शन शुल्काचे असेल. घरात टीव्ही असो वा नसो, हे शुल्क दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो आहे. पुष्कळ मुले ते जाहिरात समजून फेकतात आणि वर्षभराने थकबाकी भरतात. एका घरात चौघे राहत असाल तर ते एकदाच भरायचे आणि वाटून घ्यायचे असते.

निवास परवान्यासाठी व्हिसा संपण्याची वाट पाहू नये. व्हिसाची मुदत असतानाच रीतसर अर्ज केलेला असेल, तर निर्णय लागेपर्यंतचे वास्तव्य सर्वसाधारणपणे कायदेशीर राहते. अर्ज केल्याचा पुरावा मात्र जपून ठेवावा.

घर: खिडक्या, किल्ल्या आणि रविवार

घर न पाहता, किंवा विश्वासाच्या माणसाने पाहिल्यावाचून, पैसे पाठवू नयेत. कमी भाड्याची, सुंदर फोटोंची आणि ‘मालक सध्या परदेशात आहे’ अशी जाहिरात फसवणुकीचीच समजावी. भाडे दोन प्रकारे सांगतात. ‘थंड’ भाडे म्हणजे नुसत्या जागेचे आणि ‘उबदार’ भाडे म्हणजे हीटिंग आणि इमारतीचा खर्च धरून. तुलना करताना नेहमी दुसरे विचारावे. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क तुम्हाला आहे. ताबा घेताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा कागदावर लिहून घ्यावा आणि फोटो काढावेत.

त्यानंतर खिडक्यांचा विषय येतो, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. थंडीतही दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडायच्या आणि मग बंद करायच्या, असा तिथला दंडक आहे. भाडेकरारातसुद्धा तो लिहिलेला असतो. पहिल्या हिवाळ्यात मी हे वेडेपणाचे मानले. बाहेर शून्याखाली तापमान असताना खिडकी उघडणे बडोद्याच्या माणसाच्या बुद्धीला पटत नाही. मी दिवसभर हीटर चालू ठेवत होते, रोज डाळ-भात शिजवत होते, कपडे खोलीतच वाळत घालत होते. जानेवारीत पलंगामागचा कोपरा हाताला ओलसर लागला. पलंग पुढे ओढला तेव्हा भिंतीवर हिरवट-काळी बुरशी वीतभर चढलेली दिसली. तिथली घरे थंडी बाहेर ठेवण्यासाठी हवाबंद बांधलेली असतात, त्यामुळे वाफेला वाटच राहत नाही. ती सर्वांत थंड भिंतीवर जाऊन पाणी होते. घर सोडताना मालकाने रंगाचा खर्च अनामत रकमेतून कापला, आणि चूक माझीच असल्यामुळे मला बोलता आले नाही. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवावी. शिवाय छतावर धुराची सूचना देणारे यंत्र असते आणि मिरचीच्या खकाण्याने ते कर्कश वाजू शकते. उदबत्तीही त्याच्या थेट खाली लावू नये.

दार नुसते ओढले तरी बाहेरून किल्लीवाचून उघडत नाही. किल्ली आत आणि आपण बाहेर, हा प्रसंग प्रत्येकावर एकदा येतो. रात्रीच्या वेळी कुलूपवाला आठवड्याच्या किराण्यापेक्षा जास्त पैसे घेऊ शकतो. दुसरी किल्ली विश्वासाच्या मित्राकडे ठेवावी.

रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळावी लागते. मी नव्या घरात आले त्या रविवारी दुपारी गणपतीची तसबीर लावण्यासाठी खिळा ठोकत होते. तिसऱ्या घावाला दार वाजले. खालच्या मजल्यावरच्या बाई उभ्या होत्या, इस्त्रीचे कपडे, केस नीट बसवलेले, चेहऱ्यावर राग नाही. त्या फक्त म्हणाल्या, “आज रविवार आहे.” मी मान डोलावली, तीही आपल्या पद्धतीने, डावी-उजवीकडे, जी त्यांना नकारासारखी दिसली. म्हणून त्यांनी तेच वाक्य पुन्हा, अधिक सावकाश म्हटले. तसबीर आठ दिवस टेबलावर उभी राहिली आणि सोमवारी संध्याकाळी लागली. व्हॅक्यूम क्लीनर, मिक्सर, भिंतीला भोक पाडणे, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकणे, ही सगळी कामे शनिवारपर्यंत उरकावीत. मान हलवण्याऐवजी तोंडाने ‘या’ (हो) किंवा ‘नाइन’ (नाही) म्हणायची सवयही लगेच लावून घ्यावी.

कचऱ्याचे रंग शहरागणिक थोडे बदलतात, पण साधारणपणे निळ्या पेटीत कागद, पिवळ्या पेटीत किंवा पिशवीत पॅकिंगचे प्लास्टिक व डबे, तपकिरी पेटीत भाज्यांची साले आणि काळ्या पेटीत उरलेसुरले जाते. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर आणि पेयांच्या डब्यावर २५ सेंटची ठेव घेतलेली असते. सुपरमार्केटमधल्या यंत्रात रिकामी बाटली घातली की पावती मिळते आणि ती बिलात वळती होते. रस्त्यावर रिकामी बाटली टाकायचीच झाली, तर ती कचरापेटीच्या आत न टाकता बाजूला ठेवतात, कारण काही गरजू माणसे त्या गोळा करून पैसे घेतात. ही रीत मला फार आवडली.

माणसे: झी, डू आणि आग्रह

जर्मन भाषेतली दोन ‘तुम्ही’-‘तू’ची रूपे इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्यांना अवघड जातात, आपल्याला ती घरातूनच येतात. अनोळखी, वयाने मोठ्या आणि कार्यालयातल्या माणसाला ‘झी’ म्हणायचे आणि आडनावाने हाक मारायची. विद्यार्थी एकमेकांना ‘डू’ म्हणतात. ‘झी’वरून ‘डू’वर यायचे की नाही, हे वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने सुचवायचे असते, आणि एकदा ठरले की मागे फिरत नाहीत. आत्याबाईंना कोणी आपणहून अरे-तुरे करत नाही, तसेच हे आहे.

आमंत्रणाचे मात्र सगळेच निराळे. न सांगता कोणाच्या घरी जाऊ नये. चारला बोलावले असेल तर चारला पोचावे. पाच मिनिटे उशीर होणार असेल तरी कळवावे. जाताना फुले किंवा छोटीशी भेट न्यावी. आणि जेवताना, कृपा करून, पहिल्यांदा विचारल्यावर भूक असेल तर ‘हो’ म्हणावे. बडोद्याच्या पंगतीत ‘नको’ हा नुसता प्रस्ताव असतो. वाढणारा तिसऱ्यांदा आग्रह करणार आणि आपण चौथ्यांदा ताट पुढे करणार, हे दोघांनाही माहीत असते. तिथे मी पहिल्याच घरी सवयीने ‘नको, पुरे’ म्हटले, आणि यजमानीणबाईंनी तत्परतेने बटाट्यांचे भांडे उचलून स्वयंपाकघरात नेले. त्यात तुसडेपणा अजिबात नव्हता. माझ्या शब्दाचा त्यांनी मान राखला होता. हाच सरळपणा कामाच्या ठिकाणीही दिसेल: ‘हे चुकले आहे’ असे तोंडावर सांगतात, आणि दुपारी त्याच माणसाबरोबर कॉफी पितात. पहिले काही महिने मला ते लागत असे.

वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नयेत, ते अशुभ मानतात. आणि ज्याचा वाढदिवस असतो त्यानेच कार्यालयात केक न्यायचा असतो. आपल्याला इतर जण काही आणतील म्हणून थांबलात तर दिवस तसाच जाईल. डॉक्टरांच्या प्रतीक्षा कक्षात शिरताना बसलेल्या सर्वांना मिळून नमस्कार म्हणतात आणि निघताना निरोप घेतात. रस्ता रिकामा असला तरी पादचारी लाल दिव्याला थांबतात. दंड पाचच युरोंचा आहे, पण शेजारी लहान मूल उभे असेल तर मोठ्यांची नजर दंडापेक्षा जड पडते. सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यावरून चालू नये.

शाकाहाऱ्यांना आता फारशी अडचण येत नाही, कारण वेष्टनावर तशी खूण असते. मऊ गोळ्यांत जिलेटिन आणि काही चीजमध्ये वासराच्या पोटातले रेनेट असते, हे मात्र पाहून घ्यावे. हॉटेलात पाणी फुकट मिळत नाही आणि नुसते ‘पाणी’ म्हटले तर बुडबुड्यांचे येते.

भाषा

इंग्रजीत शिक्षण असले तरी इमारतीच्या जिन्यात, कार्यालयात आणि दवाखान्यात जर्मनच लागते. इथे बडोद्याच्या मराठी मुलांना मी एक गोष्ट नेहमी आठवण करून देते: आपल्यापैकी पुष्कळांनी गुजराती व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलेली नाही. घरात मराठी होती, उंबरा ओलांडला की गुजराती होती, आणि खंडेराव मार्केटातल्या भाजीवाल्या मावशींशी घासाघीस करता करता ती तोंडात बसली. चुकलो तर मावशी हसल्या आणि दुरुस्त केले. जर्मन तशीच शिकावी. वर्गात जावेच, पण रोज एकाच बेकरीत, शक्य तर एकाच वेळी जावे आणि पाव जर्मनमध्येच मागावा. समोरची बाई इंग्रजीवर आली तर ‘जर्मनमध्येच बोला, पण सावकाश’ एवढे वाक्य तयार ठेवावे. तीन आठवड्यांत ती तुम्हाला ओळखू लागते आणि पावाखेरीज हवेबद्दलही बोलू लागते.

आजारपण आणि काम

आरोग्य विमा सक्तीचा आहे, आणि प्रवासी विमा त्याची जागा घेऊ शकत नाही. तीस वर्षांखालील विद्यार्थ्यांना सार्वजनिक विमा सवलतीच्या दरात मिळतो. घराजवळचा एक सर्वसाधारण डॉक्टर बरे असतानाच गाठून नाव नोंदवावे. रात्री-अपरात्री पण जिवावरचे नसेल तर ११६११७, जिवावरचे असेल तर ११२ आणि पोलिसांसाठी ११०. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि साध्या सर्दीला डॉक्टर ‘चहा प्या आणि झोपा’ असे सांगून परत पाठवतात. ती हेळसांड समजू नये. शिकताना काम करायचे असेल तर मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस अशी मर्यादा आहे. दिवसांचा हिशेब स्वतः लिहून ठेवावा.

हिवाळा आणि घरचा फोन

हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते, आणि बडोद्यात तेव्हा नवरात्र आलेली किंवा नुकतीच होऊन गेलेली असते. घरची सर्वांत जास्त आठवण मला दिवाळीत नाही, गरब्याच्या नऊ रात्रींत आली. मोबाइलवर मैदानातला ढोल ऐकून झोपणे हा उपाय मुळीच चांगला नाही, असे अनुभवाने सांगते. म्युनिकसारख्या शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत, गुजराती मंडळींचे गरबेही होतात. पहिल्याच महिन्यात त्यांचा शोध घ्यावा, पण खोलीतले सगळे मित्र मराठी-गुजरातीच होतील इतका घेऊ नये. डिसेंबरात दुपारी साडेचारच्या सुमारास अंधार पडतो. त्या दिवसांत दुपारचा उजेड असेल तेव्हा निदान अर्धा तास बाहेर चालून यावे, पाऊस असला तरी.

शेवटचे काम घड्याळाचे. जर्मनीत उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे वेळ असते. मार्च आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या शेवटच्या रविवारी पहाटे ती बदलते. मी रोज तिथल्या साडेपाचला, म्हणजे इथल्या रात्री नऊला, फोन करत असे. पहिल्या ऑक्टोबरच्या त्या रविवारीही मी साडेपाचलाच केला, पण बडोद्यात तेव्हा दहा वाजले होते, आणि बाबा नऊपासून फोन हातात घेऊन ओट्यावर बसले होते. पुढच्या वर्षीपासून नवे कॅलेंडर आले की ते आधी मार्च आणि ऑक्टोबरची पाने उलटतात आणि शेवटच्या रविवारच्या चौकोनात लाल पेनाने ‘घड्याळ’ असे लिहितात. निघण्यापूर्वी आपल्या घरच्या कॅलेंडरवर ते तुम्हीच लिहून जा.